खारघरच्या फ्लॅटमध्ये कारवान सांभाळताना

कारवान, म्हणजे नजरेने शिकार हेरून तिच्यामागे धावणारी आपली देशी जात. या जातीची कुत्री घरी आणायची ठरवली असेल, तर आधी भांडी, गादी, पट्टा असलं काही घेऊ नका. घरातल्या प्रत्येक खिडकीपाशी गुडघ्यांवर बसा आणि त्या उंचीवरून बाहेर काय काय हलताना दिसतं ते बघा. समोरच्या एसीवरची कबुतरं, खालच्या पार्किंगमधली मांजर, पार्सल घेऊन धावणारा पोरगा. हे सगळं तिला दिवसभर दिसणार आहे. लॅब्रेडॉर नाकावर जगतो, कारवान डोळ्यांवर. शहरात या जातीला सांभाळायचं म्हणजे तिच्या नजरेची सोय लावायची. माझं सगळं सांगणं यातूनच निघतं.

आमची हरणी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली, माझ्या सासरच्या गावची. तिथून पुढे कर्नाटकात गेलात की हीच कुत्री मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली होती, आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळही होता. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, फॉरेनची आहे का?" मी दर वेळी थांबून सांगते की ही आपल्या दख्खनची आहे. तुम्हीही सांगा. या कुत्र्यांबद्दल आपल्याच लोकांना माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खिडक्या. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी कुत्र्यासाठी नाही, ती दातांनी सहज तुटते. कारवानचं डोकं लांबट आणि अरुंद असतं, त्यामुळे ग्रिलच्या ज्या फटीतून डोकं जाणार नाही असं आपल्याला वाटतं तिथून ते जातं आणि अडकतं. ग्रिलला आतून बारीक लोखंडी जाळी मारून घ्या. बाल्कनीच्या कठड्यापाशी खुर्ची, कुंडीचा स्टँड, वॉशिंग मशीन काही ठेवू नका, आणि घरात कुणी नसेल तेव्हा बाल्कनीचं दार बंदच हवं. सगळ्या काचांच्या खालच्या अर्ध्या भागावर दुधी फिल्म लावा, पण एक खिडकी तिच्यासाठी उघडी सोडा. जिथून लांबवर दिसतं आणि जवळ कबुतरं बसत नाहीत, अशी. आमच्याकडे बेडरूमच्या खिडकीतून खारघरची टेकडी दिसते. हरणी सकाळचा निम्मा वेळ तिथे असते. लांबचं बघायला मिळालं की ती शांत राहते.

बाहेर नेताना साधा पट्टा चालत नाही. मानेपेक्षा डोकं बारीक, त्यामुळे मागे सरकली की पट्टा कानांवरून निघून येतो. रुंद मार्टिंगेल कॉलर घ्या. ओढल्यावर तो थोडा आवळतो आणि ठरलेल्या मापावर थांबतो. सोबत छातीचा हार्नेस, आणि दोरी अडकवायची ती हार्नेसला. बटण दाबून लांब होणारी दोरी या जातीसाठी धोक्याची आहे. ती लांबी मिळाली की ही जोरात सुटते, आणि शेवटच्या हिसक्याने तिच्या मानेला नाहीतर तुमच्या खांद्याला इजा होते. साधी पाच-सहा फुटी चपटी दोरी बरी. ती मनगटाभोवती गुंडाळू नका.

हाक मारली की यायला शिकवणं हा सगळ्यात मोठा धडा आहे, आणि बरेच जण तो उलट्या बाजूने शिकवतात. कुत्री धावायला लागल्यावर हाका मारून काही होत नाही, तेव्हा तिला आवाज पोचतच नाही. शिकवायचं ते त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत. तेव्हा मान ताणली जाते, कान उभारतात, तोंड मिटतं, कधी पुढचा एक पाय वर उचललेला राहतो. हे दिसलं की त्याच क्षणी नाव घ्या. तिने मान वळवून तुमच्याकडे बघितलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि उलट दिशेने चालायला लागा. सुरुवात घरात करा, मग सोसायटीच्या आवारात, मग रस्त्यावर. बघितलेल्या गोष्टीवरून नजर काढून घेणं फायद्याचं आहे, हे तिला पटायला महिने लागतात. रोज थोडं थोडं करत राहा.

आणि एवढं शिकवूनही उघड्या जागी दोरी सोडू नका. सेंट्रल पार्कजवळ नाही, पांडवकड्याच्या रस्त्याला नाही, खाडीकडे तर नाहीच. आपल्याकडच्या खारफुटीत कोल्हे आहेत. त्यांच्यामागे गेली तर रेबीजचा धोका, आणि कोल्ह्याच्या जिवाला घोर तो वेगळाच. ठाण्यात येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी बिबट्या लक्षात ठेवावा, संध्याकाळनंतर तिकडे कुत्रं नेऊच नये. गावाकडे अजून कुणी कुणी कारवानला सशामागे सोडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. सुट्टीत गावी गेल्यावर कुणी कौतुकाने "सोडून बघू की" म्हणालं, तर ठाम नाही म्हणा.

पण धावणं तिच्या अंगात आहे, ते तिला मिळालंच पाहिजे. बॉक्स क्रिकेटची टर्फ पहाटे रिकामी असतात. मालकाला भेटा, घाण आपण उचलू असं सांगा, दोघा-तिघांनी मिळून भाडं भरा. सोडण्याआधी जाळीला कडेने फेरी मारून खाली फट आहे का ते तपासा. दहा मिनिटं चालवून अंग मोकळं झालं की मगच सोडा. चार-पाच वेळा सुसाट धावली की पुरतं, त्यानंतर ती दिवसभर गोधडीवर लोळत असते. दुसरं कुत्रं सोबत असेल तर लक्ष ठेवा. यांची कातडी पातळ असते, खेळताना नुसता दात लागला तरी टाके घालायची वेळ येते.

"उन्हातली जात आहे, हिला काय होतंय" हे मी पुष्कळांकडून ऐकते, आणि इथे खरंच सावध राहायला हवं. जतमध्ये एप्रिल-मेला पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. कुत्रं धापा टाकतं, जिभेवरचं आणि घशातलं पाणी उडतं आणि अंग थंड होतं. खारघरला पारा कमी, पण हवेत इतकी वाफ की ते पाणी नीट उडत नाही. म्हणून मार्च ते जून, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, फिरवणं पहाटे आणि रात्री जेवणं झाल्यावरच. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. ती टेकवून धरता येत नसेल तर घरी परत या. धावून आल्यावर पोटाला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला साधं पाणी लावा आणि पंखा सोडा. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, चाल डगमगती दिसली तर तिथेच भिजवा आणि भिजलेलीच डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) लस चुकवू नका आणि साचलेल्या पाण्यात पाय घालू देऊ नका. गवतातून आली की बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड शोधा, तापाचं मूळ बहुधा तिथेच असतं. तयार रेनकोट यांना बसत नाहीत, कारण छाती खोल आणि कंबर बारीक. जुन्या छत्रीच्या कापडाचा कोपऱ्यावरच्या टेलरकडून शिवून घ्या.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून रक्ताबद्दल जरा जास्त बोलते. नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त असतं. ग्रेहाउंडमध्ये पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ५० ते ६५ पर्यंत निरोगी धरतात, इतर कुत्र्यांत साधारण ३७ ते ५५. टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन मात्र कमी येतं. हे ठाऊक नसलं की चांगल्या कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या चालू होतात. म्हणून कुत्री ठणठणीत असताना एकदा सगळ्या तपासण्या करून रिपोर्ट फाइलला लावा, पुढे तुलना करायची ती त्याच्याशी. नसबंदीच्या आधी डॉक्टरांशी भुलीबद्दल स्पष्ट बोला. अंगावर चरबी कमी असल्याने थायोपेंटोनसारखी औषधं यांच्या अंगातून हळू उतरतात. हल्ली इतर औषधं आहेत, ती वापरणार का ते विचारून घ्या.

खाणं दोन वेळचं, थोडं थोडं. ज्वारीची भाकरी कुस्करून, त्यात अंडं किंवा चिकन, चमचाभर दही. कांदा, लसूण, मनुके, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर पळवू नका. पोट फुगलं आणि उलटीसाठी नुसतं ओकतेय पण काही पडत नाही, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हे यांचं चांगलं वजन. शेजारच्या काकू "उपाशी ठेवता का गं हिला?" विचारतील, म्हणून जास्त खायला घालू नका.

घरातल्या टाइल्सवर पाय घसरतात, तिथे सतरंज्या टाका. अनोळखी माणसाने वरून हात लावलेला यांना आवडत नाही. मुलांना सांगायचं, हात लावू नका, ती आपणहून वास घ्यायला येईल. सोसायटी कुत्रा ठेवायला बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. तुमच्याकडून रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना हवा. खारघर पनवेल महापालिकेत येतं, नेरूळ-वाशीवाल्यांना नवी मुंबई महापालिका.

दिवाळीत आणि विसर्जनाच्या दिवसांत कॉलर आणि हार्नेस दोन्ही, घरातसुद्धा. कधी सुटलीच तर मागे धावू नका, तिला तो खेळ वाटतो आणि तुम्ही तिला गाठू शकत नाही. खाली बसा, नाहीतर उलट दिशेने पळा. बऱ्याचदा ती फेरा घालून जिथून सुटली तिथेच येते, म्हणून घरातल्या एकाने ती जागा सोडायची नाही. कॉलरवर फोन नंबर शिवून ठेवा, आणि तिचा बाजूने काढलेला फोटो आजच आजूबाजूच्या सोसायट्यांच्या वॉचमनदादांच्या फोनवर पाठवून द्या.