वृद्धाश्रमात काम करता? कंबर जाण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोड काय किंवा नेरूळ-पनवेल काय, ज्येष्ठांच्या केंद्रांत कामाला लागलेल्या नव्या मावशीला पहिल्याच दिवशी चुकीची पद्धत शिकवली जाते: काखेत हात घाला, ‘आजी, माझ्या गळ्याला धरा’ म्हणा आणि उचला. आजींनी मध्येच अंग सोडलं की सगळा भार मावशीच्या मानेवर आणि कमरेवर येतो, शिवाय आजींचा खांदाही दुखावतो. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या सरकारी संस्थेने रुग्णाला हाताने उचलण्याची मर्यादा 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो सांगितली आहे. एवढ्या वजनाच्या आजी कुठे असतात?

म्हणून उचलू नका, सरकवा. आजी खाटेवर खाली घसरल्या असतील तर डोक्याकडची बाजू सपाट करा, त्यांना गुडघे दुमडायला सांगा आणि दोघींनी दोन बाजूंनी ड्रॉशीट (अंगाखाली घातलेली आडवी चादर) धरून वर ओढा. खाट बुटकी असेल तर एक गुडघा खाटेवर टेकवा. व्हीलचेअर आजींच्या धडधाकट बाजूला लावा, ब्रेक लावा, पायदान वर करा. आजींना खाटेच्या कडेला आणून पाय जमिनीवर टेकवा, पुढे वाकायला सांगा आणि कमरेशी आधार द्या. ‘रात्रपाळीला एकटीच असते’ हे उत्तर मला ठाऊक आहे, पण तो दोष मावशीचा नाही, ड्युटी लावणाऱ्याचा आहे. आणि कमरेला पट्टा बांधला म्हणून जास्त वजन पेलत नाही.

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा संध्याकाळी बिथरले तर मनगट पकडू नका, दोन पावलं मागे व्हा. आंघोळ थोड्या वेळाने झाली तरी चालते.

इन्सुलिनच्या सुईवर टोपण परत लावू नका. टोचलीच तर बोट पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस आधीच घेतलेले बरे.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे बाम चोळून गप्प बसणं. उसण भरली तरी त्याच दिवशी अपघात नोंदवहीत लिहायला लावा, पानाचा फोटो काढून ठेवा. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि केंद्र ईएसआयसीखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येत असेल, तर कामावरच्या दुखापतीच्या रजेत सरासरी मजुरीच्या 90 टक्के रक्कम मिळते. ब्युरोमार्फत (मावशी पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे) लागला असाल तरी विमा क्रमांक मागून घ्या. पायाला मुंग्या येऊन तो लुळा पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र नोंदवही राहू द्या, आधी दवाखाना.