पानं खाल्ली जावीत म्हणून लावायची झाडं

फुलपाखरू मध प्यायला अनेक फुलांवर जातं, अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालतं. म्हणून नुसती फुलझाडं लावलेल्या गॅलरीत फुलपाखरं येतात आणि निघून जातात. ती वस्तीला यायला हवी असतील, तर अळ्या ज्यांची पानं खातात ती देशी झाडं लावायला हवीत. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये कढीपत्ता, रुई आणि चित्रक ही तीन सहज जमतात.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर एकेक अंडं घालतात. कुंडी १४ इंची घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. नुसती लाल माती भरली तर जुलैच्या पावसात ती घट्ट बसते, पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. निदान चार तास ऊन हवं.

सगळ्यात जास्त घात होतो तो नर्सरीतल्या फवारणीमुळे. मुळांवाटे शोषलं जाणारं कीटकनाशक पानांत कित्येक आठवडे राहतं, पानं धुतल्याने जात नाही. मादी अंडी घालते, अळ्या निघतात आणि काळ्या पडून मरतात. विकतच्या झाडाची जुनी पानं छाटा, माती बदला आणि दोन महिने नव्या फुटीची वाट बघा. त्यापेक्षा बी लावणं उत्तम: कढीपत्त्याची पिकून काळी झालेली फळं घ्या, गर धुऊन काढा आणि लगेच पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. कडुनिंबाचं तेलही या कुंड्यांवर मारू नका.

लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून बरेच जण ती झटकून टाकतात. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. शेवटच्या टप्प्यात ती प्रचंड खाते. दोन फुटी झाडाला तीन-चार अळ्या पुरे, त्यामुळे कुंड्या दोन असू द्या. मग एक दिवस पातळ विष्ठा टाकून ती झाड सोडते आणि ग्रिलवर किंवा भिंतीवर कोष करते. तिथला कोष हलवू नका.

रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू येतं. रुईचं मूळ खोल जातं, उपटून लावलेलं रोप सहसा जगत नाही, बीच पेरा. ऊन भरपूर आणि पाणी कमी. पिवळा मावा पडला तर आधी अंडी-अळ्या तपासा, मग मावा पाण्याच्या धारेने उडवा. चीक डोळ्यांना घातक आहे, लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा.

ऊन कमी असेल तर चित्रक. त्याच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू फुलपाखरू अंडी घालतं. नर्सरीत ‘प्लंबॅगो’ मागितलं की बहुधा निळ्या फुलांचं, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं झाड हातात ठेवतात. पांढऱ्या फुलांचं चित्रक मागून घ्या. येऊरच्या जंगलातून मात्र काहीही उपटून आणू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

कबुतरजाळी असेल तर छोटी फुलपाखरं आत येतात, मॉरमॉनसारखी मोठी अडतात. जाळी सरकती असेल तर सकाळी ऊन आल्यावर एक बाजू उघडी ठेवा. मातीतले क्षार शोषायला फुलपाखरं ओल्या चिखलावर बसतात. त्यासाठी बशीत माती ओली ठेवा, पण वर पाणी साचू देऊ नका, डासांची पैदास होईल.

सोसायटीत जमीन असेल तर एका कोपऱ्यात माकडलिंबू लावा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन त्यावर वाढतं. पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा माळीदादा तण म्हणून काढून टाकतात, आणि त्याबरोबर एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्याही जातात. भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा दिवाळीपर्यंत तसाच ठेवायला त्यांना सांगा. ही झाडं ओळखायची असतील तर घोडबंदर रस्त्याजवळच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात एक फेरी मारा. डासांसाठी धूरफवारणी असेल त्या दिवशी गॅलरीतल्या कुंड्या अळ्यांसकट आत घ्या, खिडक्या लावा आणि धूर पुरता विरल्यावरच बाहेर ठेवा.