घरी कृष्णधवल रोल धुण्यापूर्वीची तयारी

३५ मिलिमीटरचा कृष्णधवल रोल घरी धुवायचा (रसायनांनी डेव्हलप करायचा) असेल, तर तयारी कॅमेऱ्यापासूनच सुरू करावी. रोल भरण्यापूर्वी मागचे झाकण उघडून आतली धूळ ब्लोअरने उडवावी, कारण प्रेशर प्लेटवर (फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या पट्टीवर) किंवा फिल्म गुंडाळलेल्या कॅसेटच्या मखमली तोंडात अडकलेला वाळूचा एकच कण फिल्मच्या लांबीभर सरळ रेघ ओढत जातो. फ्रिजमध्ये ठेवलेला रोल किमान तास-दीड तास बाहेर ठेवून मगच त्याची डबी उघडावी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत थंड फिल्मवर लगेच पाणी साचते. कोरड्या हिवाळ्यात रोल गुंडाळताना घाई करू नये, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणग्यांच्या खुणा उमटतात.

रील, म्हणजे धुण्याच्या बंद टँकमध्ये फिल्म गुंडाळायचे चक्र, पूर्ण कोरडे असल्याची खात्री आदल्या दिवशीच करावी. किंचित ओलसर प्लॅस्टिक रीलवर फिल्म अडते, मग ती जोराने ढकलली जाते आणि दुमडलेल्या जागी नखाएवढी चंद्रकोर कायमची उमटते. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या, हात घालून काम करायच्या पिशवीत) हातांना घाम सुटून आतली हवा काही मिनिटांत दमट होते, म्हणून शक्य असेल तर रात्री पूर्ण अंधार केलेल्या खोलीतच फिल्म भरावी, हात कोरडे करून आणि फिल्मला फक्त कडांनी धरून.

सर्वांत जास्त लक्ष तापमानाकडे द्यावे. बहुतेक डेव्हलपरचा (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा) वेळ २० अंश सेल्सिअसला धरून दिलेला असतो, पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. डेव्हलपर गार करून घेतला आणि फिक्सर (चित्र कायम करणारे रसायन) किंवा धुण्याचे पाणी तसेच गरम राहिले, तर त्या अचानक फरकाने इमल्शनमधले (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरातले) जिलेटिन सुरकुतू शकते आणि चित्रभर बारीक जाळे दिसते. म्हणून डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी, सगळ्यांच्या बाटल्या एकाच टबात बर्फाच्या पाण्यात ठेवून एकसारख्या तापमानाला आणाव्यात. २० अंश टिकवणे जमत नसेल, तर सगळे २४ अंशांवर स्थिर ठेवून उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

डेव्हलपर ओतताच टँक टेबलावर दोन-तीनदा आपटावा, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. ते राहिले तर प्रिंटवर गोल काळे ठिपके येतात. टँक दर मिनिटाला चार वेळा सावकाश उलटा करावा. जोराने हलवल्यास फिल्मच्या कडेच्या छिद्रांजवळ पट्टे पडतात. फिक्सर जुना असेल, तर फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करावे.

वाळवण्याची जागा मात्र रोल धुण्याआधीच तयार हवी. बोअरवेलच्या जड पाण्याचा थेंब वाळला की कडेला क्षारांचे पांढरे कडे मागे ठेवतो, म्हणून शेवटची विसळणी डिस्टिल्ड वॉटरने करावी आणि त्यात लिटरला ५ मिलिलिटर फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता ओघळू देणारे द्रव्य) घालावे. स्क्वीजी (रबरी पट्टी) किंवा बोटांनी पाणी निपटून काढण्याचा मोह टाळावा. त्या वेळी जिलेटिन फुगून मऊ झालेले असते आणि एक कणही खोल ओरखडा पाडतो. फिल्म बाथरूममध्ये टांगून खाली वजनाची क्लिप लावावी, पंखा बंद ठेवावा आणि टॉवेल आधीच बाहेर काढावेत, कारण त्यांचे तंतू ओल्या इमल्शनवर बसले की निघत नाहीत. पावसाळ्यात फिल्म वाळायला पूर्ण रात्र लागू शकते, तरी हेअर ड्रायर वापरू नये. वाळलेली फिल्म तिरक्या उजेडात पाहावी. चकचकीत बाजूवरचा डाग मऊ कापडाने अलगद पुसता येतो, पण मंद (इमल्शनच्या) बाजूवर दिसला तर हात न लावता फिल्म पुन्हा विसळावी.

निगेटिव्हच्या पट्ट्यांसाठी पॉलिप्रॉपिलीनचे स्लीव्ह (पारदर्शक पाकिटे) आधीच आणून ठेवावेत, पीव्हीसीचे नकोत. हे स्लीव्ह सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत, कारण जिलेटिन हे बुरशीचे खाद्यच आहे, आणि पावसाळाभर त्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.