रस्त्याला निधी हवाय? आधी सातबारे काढा

गावाला रस्ता हवा असला की पहिला सल्ला ठरलेला असतो: आमदारसाहेबांचं पत्र घ्या आणि मंत्रालय गाठा. पत्र घ्या, त्याला कुणाची ना नाही. पण मागे जोडायला कागद नसतील तर ते पत्र ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन मंत्रालयातून जिल्हा परिषदेत, तिथून पंचायत समितीत आणि शेवटी तुमच्याच ग्रामपंचायतीत परत येतं. ग्रामीण रस्त्यांचे प्रस्ताव करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पैशाअभावी रखडलेले रस्ते मी पाहिले, जागेअभावी रखडलेले त्याहून कितीतरी जास्त पाहिले. त्यामुळे इथे जागेबद्दल जास्त बोलणार आहे आणि बाकीचं भराभर उरकणार आहे.

१. रस्ता कोणाचा आणि त्याला नंबर आहे का

राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेकडे. तुमचा रस्ता प्रजिमा निघाला तर ग्रामपंचायतीने प्रस्ताव करण्यात अर्थ नाही, बांधकाम विभागाला मागणीपत्र द्या आणि मोकळे व्हा. जिल्हा परिषदेचा असेल तर पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि नोंदलेली लांबी लिहून आणा. पुष्कळ वस्त्यांचे रस्ते योजनाबाह्य असतात, म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातायत पण कागदावर रस्ताच नाही. अशा वेळी आधी जिल्हा परिषदेचा ठराव करून क्रमांक मिळवायचा, मग निधीचं बघायचं. उलट क्रमाने गेलात तर वर्ष वाया गेलं समजा.

२. कोणत्या खिशातून मागायचं

गावठाणातल्या गल्ल्या, अंतर्गत रस्ते, गटारं यांना २५१५ लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं ठरलेलं खातं), म्हणजे मूलभूत सुविधा. ही लोकप्रतिनिधींनी सुचवायची कामं, आमदारांचं पत्र खरं इथे चालतं. क्रमांक असलेल्या रस्त्यांना जिल्हा नियोजन समितीकडून ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षं. आजवर बारमाही रस्ताच नसलेल्या वस्तीला पंतप्रधान ग्रामसडक योजना: २००० साली सुरू झाली, चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला, आणि त्यात २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागात ५०० लोकवस्ती धरतात, डोंगरी-आदिवासी भागात २५०. जे त्यात बसत नाही त्यासाठी राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. शेतरस्त्यांचं खातं निराळं, २०२१ मध्ये मातोश्री शेत-पाणंद योजना रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) जोडीने आली.

वित्त आयोगाच्या पैशावर डांबरी रस्त्याची स्वप्नं बघू नका. १५ व्या वित्त आयोगात (२०२१ ते २०२६) ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्या ४० टक्क्यांत शाळेच्या दुरुस्तीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळ्यांचे हात होते. एखादी मोरी किंवा गल्लीतलं काँक्रीट होतं, तेवढंच. आणि अर्ज करण्याआधी त्या योजनेचा चालू शासन निर्णय वाचा, कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलेला जुना नको.

३. ग्रामसभेचा ठराव

गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जी कमी ती. ठरावात रस्त्याचं नाव, क्रमांक आणि कुठून कुठपर्यंत हे लिहा. ‘गावातील सर्व रस्ते’ असा ठराव कुठल्याच योजनेला जोडता येत नाही.

४. जागा

पंतप्रधान ग्रामसडक योजनेत भूसंपादनाला छदामही नाही. राज्याने जागा मोकळी करून द्यायची, म्हणजे शेवटी गावाने. बाकी योजनांतही ‘जागा उपलब्धतेचा दाखला’ नसेल तर फाइल पुढे सरकत नाही. आणि हा दाखला म्हणजे नुसता कागद समजून ग्रामसेवकाच्या (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या) सहीने उरकून टाकायची पद्धत आहे. माझा सगळा राग त्या पद्धतीवर. दाखला जोडला जातो, निधी येतो, ठेकेदार जेसीबी आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर कुणीतरी आडवं उभं असतं. मग काम बंद, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि निधी परत.

सुरुवात गाव नकाशापासून करा. भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल घ्या, मोबाइलवरचा फोटो नको. दोन भरीव रेषांत दाखवलेला रस्ता असेल तर त्याचं क्षेत्र कुणाच्याच सातबाऱ्यात नाही, तो सरकारी रस्ता आहे. दोन तुटक रेषा असतील तर गाडीमार्ग, तो त्या त्या गटातून जातो. एकच तुटक रेषा म्हणजे पायवाट. हे एकदा दिसलं की अर्धा वाद मिटतो, कारण नकाशावर असलेल्या रस्त्यासाठी संमतीपत्रं मागत फिरण्याची गरजच नसते. तरी लोक फिरतात! ‘कशाला वाकडं घ्यायचं, सही घेऊ’ म्हणतात. एकदा सही मागितली की समोरच्याला वाटतं जागा त्याची आहे आणि तो उपकार करतोय. पुढच्या वर्षी उपकार मागे घेतो. नकाशावरचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे जा. अडथळा नवा असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, मात्र त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, ती घालवू नका. गावठाणात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अतिक्रमण काढायचा अधिकार तुमचाच आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा तहसीलदारांचा आदेश दाखवून लोक म्हणतात, झाली की जागा. तसं नाही. त्या कलमाने शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेतात जायची वाट मिळते, ग्रामपंचायतीला डांबर टाकायला जागा मिळत नाही.

आता नकाशात नसलेला किंवा रुंद करायचा रस्ता. शेतकरी मोठ्या मनाने म्हणतो, ‘दहा फूट घ्या.’ दहा फूट म्हणजे तीन मीटर. ग्रामसडक योजनेत नुसतं डांबरच साधारण ३.७५ मीटर असतं, दोन्ही साईडपट्ट्या धरून रस्ता ७.५ मीटरवर जातो, म्हणजे साडेचोवीस फुटांच्या आसपास. वाहतूक अगदी कमी असेल तर मापं थोडी उतरतात. गटार वेगळंच. त्यामुळे बोलणी पारावर करू नका, शेतात करा. टेप घ्या, शाखा अभियंत्याला बरोबर घ्या, दोन्ही बाजूंनी फक्की मारा आणि शेतकऱ्याला त्या पांढऱ्या रेषेवर उभा करून विचारा: एवढी जागा जाणार, चालेल? चेहरा तिथेच उतरतो. उतरू द्या, जेसीबीपुढे उतरण्यापेक्षा बरा. हे सगळं एप्रिल-मे महिन्यात करा, रानं मोकळी असतात आणि बांध दिसतात. उभ्या कपाशीत फक्की मारायला गेलात तर जागाही जाईल आणि बोलणंही तुटेल.

संमती म्हणजे काय, यावर मी जरा कडक आहे. पाचशेच्या बाँडवरचं संमतीपत्र हे हमी नाही. मालकी हस्तांतरित होते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या बक्षीसपत्राने, आणि मग लगेच फेरफार करून ते क्षेत्र ग्रामपंचायतीच्या नावावर चढवून घ्या. सातबारा ताजा काढा आणि एकेक नाव वाचा. पहिल्या नावाचे आजोबा वारून वीस वर्षं झालेली असतात, वारसनोंद झालेली नसते. खाली तीन भाऊ, त्यातला एक पुण्यात. बहिणी नांदायला गेलेल्या, पण नावं सातबाऱ्यावर आहेत. सह्या सगळ्यांच्या लागतात. ‘थोरला म्हणेल ते घर ऐकतं’ हे गावात चालतं, दिवाणी न्यायालयात नाही. एका बहिणीची सही राहिली आणि मनाई हुकूम आला, अशी फाइल मी हाताळली आहे. तेव्हापासून एक सही कमी असेल तर मी प्रस्ताव पुढे पाठवत नाही, सरपंच कितीही रागावले तरी.

सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र घ्या. भोगवटादार वर्ग २ ची (सरकारने अटींवर दिलेली) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर आधी परवानगीचा रस्ता धरा, तो महसूलकडून जातो. अज्ञान (अठरा वर्षांखालचा) वारस असेल तर आईच्या सहीवर उरकू नका, वकिलाला विचारा. आणि पाइपलाइन! बागायती भागात रस्त्याखालून पाइप गेलेले असतातच. कुठून कुठे गेलेत ते नकाशावर काढून घ्या आणि आडव्या पाइपांची तरतूद अंदाजपत्रकात धरायला लावा. नाहीतर खोदताना एकाचं पाणी तुटतं आणि सगळी वस्ती विरोधात जाते.

मध्ये वनजमिनीचा तुकडा आला की लोक हातच जोडतात. त्याची गरज नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या सुविधांत रस्ताही आहे. क्षेत्र एक हेक्टरच्या आत हवं, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. लहान तुकड्याला हाच मार्ग सोपा.

शेवटी मोजणी. भूमी अभिलेखची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) हातात असल्याशिवाय जागा मिळाली असं म्हणू नका.

५. अंदाजपत्रक आणि मान्यता

शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, रकमेप्रमाणे उपअभियंता किंवा कार्यकारी अभियंता तांत्रिक मान्यता देतो, प्रशासकीय मान्यता वेगळी. तुमचं काम एकच: कामाचं नाव सगळीकडे अक्षरशः तेच ठेवणं. ठरावात ‘पाटीलवस्ती रस्ता’, अंदाजपत्रकात ‘ग्रामा ते पाटील मळा, कि.मी. ०/०० ते १/२००’ आणि दाखल्यात तिसरंच काही असेल तर फाइल त्रुटीत येते, आणि येणारच. हे काम आधी कुठल्या योजनेतून घेतलेलं नाही, हा दाखला जोडायला विसरू नका.

६. वेळ साधा

पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत आकार घेतो. मार्चमध्ये धावपळ करणारा सरपंच पुढच्या वर्षासाठी धावत असतो, त्याला ते कळत नाही एवढंच. जिल्हा परिषद मंजूर नियतव्ययातून (वर्षासाठी ठरवून दिलेल्या रकमेतून) आधी चालू कामांचं दायित्व, म्हणजे द्यायचे राहिलेले पैसे, वजा करते आणि शिल्लक रकमेच्या दीडपट नव्या कामांचं नियोजन होतं. म्हणून कार्यकारी अभियंत्याला ‘निधी आहे का’ विचारू नका, ‘यंदा दायित्व किती आहे’ विचारा. त्या एका आकड्यावरून तुमचा नंबर लागेल की नाही ते समजतं. निवडणुकीचं वर्ष असेल तर लक्षात ठेवा: कार्यारंभ आदेश हातात असला तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही.

७. काम आणि नंतर

निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका हे यंत्रणेचं काम. तुम्ही फक्त खडीचे थर पडताना हजर राहा आणि रोज तारखेसह फोटो काढा. रस्ता झाला की नमुना २३ च्या रस्त्यांच्या नोंदवहीत नोंद घ्या. शेजारी दोषदायित्वाची (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची) मुदत कधी संपते ती तारीख आणि ठेकेदाराचं नाव लिहा. ग्रामसडक योजनेत ही देखभाल पाच वर्षं ठेकेदाराकडेच असते, आणि पहिल्या पावसात पडलेला खड्डा त्याच्याच खर्चाने बुजवून घ्यायचा असतो. फोन उचलला नाही तर कार्यकारी अभियंत्याला लेखी पत्र द्या आणि आवक क्रमांक घ्या.