तारणाची खात्री होत नाही? या चुका टाळा

आपलं तारण, म्हणजे पापापासून सुटका, खरंच झालं आहे का? बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र नेमकं याच शंकेसाठी आहे. विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन मिळालं आहे हे त्यांना कळावं म्हणून लिहितोय, असं तो 5:13 मध्ये सरळ सांगतो. तरीही अनेक वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणाऱ्यांना ते कळत नाही, कारण बहुतेक जण शोधतात ते स्वतःच्या मनात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भावना मोजणं. 24 मे 1738 च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अंतःकरणाला विलक्षण ऊब जाणवली, हे उपदेशांत पुष्कळदा ऐकायला मिळतं. त्याच वेस्लींनी 4 जानेवारी 1739 च्या रोजनिशीत आपण अजून ख्रिस्ती नाही असं लिहिलं, हे सहसा कोणी सांगत नाही. अपुरी झोप, आजारपण, उपास, कशानेही ऊब ओसरते. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला ‘नीतिमान ठरणे’ हा शब्द न्यायालयातला आहे. निकाल न्यायाधीश देतो. आरोपीला त्या दिवशी कसं वाटतंय यावर तो बदलत नाही.

दुसरी चूक आपल्याकडच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्यांत, हमखास दिसते. दर वर्षी हात वर करायचा, तीच स्वीकाराची प्रार्थना करायची आणि घरी पोचेपर्यंत ‘या वेळी तरी मनापासून केली का?’ म्हणून पुन्हा घाबरायचं. असं होतं कारण भरवसा ख्रिस्तावरून सरकून प्रार्थनेच्या दर्जावर गेलेला असतो. शंका आली की नवी प्रार्थना नको. योहान 6:37 मोठ्याने वाचा, येणाऱ्याला तो घालवून देणार नाही याबद्दल आभार माना आणि कामाला लागा. तारणाची तारीख आठवत नाही? ख्रिस्ती घरात वाढलेल्या अनेकांना ती सांगता येत नाही, त्यात काही बिघडत नाही.

मात्र बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरही विसंबू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटिजला झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त नव्हे, हे त्यांना उमगलं ते आठ वर्षांनी.

पापकबुलीत दोन टोकं गाठली जातात. ‘प्रभू, माझी सगळी पापं क्षमा कर’ एवढं मोघम बोललं की काय क्षमा झालं ते मनाला पटत नाही. उलट तरुणपणी धर्मसुधारक मार्टिन लूथर कधी कधी सहा-सहा तास कबुली देत, तरी एखादं पाप राहून गेलं असेल ही धास्ती सुटत नसे. 1 योहान 1:9 प्रमाणे पाप नाव घेऊन एकदा कबूल करा. कोणाचे पैसे बुडवले असतील तर परत करा. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले होते. त्यानंतर तेच पाप पुन्हा उकरू नका. याजकापुढे पाप कबूल करण्याच्या ज्या विधीला गोव्याकडे कुमसार म्हणतात, त्यातही याजकाने पापमुक्ती दिल्यावर विषय संपतो.

‘माझ्या हातून अक्षम्य पाप झालंय’ ही भीती जुनी आहे. इंग्लिश लेखक-उपदेशक जॉन बनियनलाही तिने दीर्घकाळ छळलं. मार्क 3:28-29 वाचून थांबू नका, 30 वं वचनही वाचा. येशूची कामं डोळ्यांसमोर होत असताना ‘याला अशुद्ध आत्मा लागला आहे’ म्हणणाऱ्या यहुदी धर्मशास्त्र्यांना तो इशारा होता. क्षमेसाठी तळमळणारा माणूस त्यांच्या रांगेत बसत नाही.

योहानाच्या याच पहिल्या पत्रातल्या कसोट्या, म्हणजे आज्ञापालन (2:3) आणि बंधुप्रीती (3:14), एका वाईट दिवसावर लावू नका. वर्षभराकडे पाहा, आणि जवळच्या दोघांना विचारा. खुशाल पापात राहून निर्धास्त असलेल्याने मात्र मत्तय 7:21-23 वाचावं. योहानाच्या या पत्राचे पाच अध्याय, 105 वचनं. एका बैठकीत सहज वाचून होतात. सात दिवस रोज वाचा आणि 3:20 खाली रेघ ओढा.

एवढं करूनही तोच घाणेरडा विचार दिवसात पन्नासदा येत असेल, प्रार्थनेतला शब्द ‘नीट’ उमटेपर्यंत घोकावा लागत असेल, तर हा विश्वासाचा प्रश्न नसून मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यावर उपचार आहेत. पाळकांनीही अशा माणसाला दर फोनला ‘तुझं तारण झालंय’ असं सांगू नये. त्याने तासभर बरं वाटतं आणि पुढचा फोन आणखी लवकर येतो. आठवड्यातली एक वेळ ठरवून घ्या, बाकी वेळी ‘मंगळवारी बोलू’ एवढंच.