वीज गेल्यावर अर्धवट राहिलेली फाइल: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून वाचनालयाच्या जुन्या पोथ्यांच्या स्कॅनची ६ जीबीची फाइल नागपूरच्या सर्व्हरवर पाठवताना मी आधी एससीपी ही एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याची आज्ञा वापरत असे. पण भारनियमनात राउटर बंद पडला की सगळे काम पहिल्यापासून करावे लागे. शेवटी मी आरसिंक या त्याच कामाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडे वळलो, जो दोन्ही टोकांच्या संगणकांवर असावाच लागतो, आणि त्याच्या आज्ञेला कॅपिटल पी (-P) हा पर्याय जोडला. त्यामुळे अर्धवट पोहोचलेली फाइल पुसली जात नाही, आणि तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर पोहोचलेला भाग पडताळून उरलेलाच पाठवला जातो. तिसऱ्या रात्री ७२ टक्क्यांवर वीज गेली. पहाटे तीच आज्ञा दिल्यावर टक्क्यांचा आकडा शून्यापासून सुरू झालेला पाहून माझा जीव खाली-वर झाला, परंतु तो झपाट्याने ७२ पर्यंत चढला आणि मगच नेहमीच्या संथ गतीवर आला.