फवारणीची वेळ आणि हवेचा मिश्र थर : पठार व कोकणातील बागायतदारांसाठी हिवाळी सल्ला

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत फवारणीची वेळ ठरवताना बहुतेक शेतकरी पाऊस, ढग आणि वारा पाहतात. जमिनीलगतची हवा किती उंचीपर्यंत वरच्या हवेत मिसळते आहे, हेही पाहणे तितकेच आवश्यक आहे, कारण फवारलेल्या बारीक थेंबाचे आणि पेटवलेल्या शेकोटीच्या धुराचे पुढे काय होणार, हे त्यावरच ठरते.

दिवसा उन्हाने जमीन तापते, जमिनीमुळे तिच्यालगतची हवा तापून वर चढते आणि वरची हवा खाली येते. अशा रीतीने ढवळल्या जाणाऱ्या हवेला मिश्र थर म्हणतात. सूर्य मावळू लागला की हे ढवळणे थांबते. निरभ्र आकाशाखाली जमीन वेगाने थंड होते, तिला टेकलेली हवा गार पडते आणि तिच्या वर उबदार हवा राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात आणि ती शिवारावर झाकणासारखी बसते. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर किंवा मराठवाड्यात हिवाळ्याच्या दुपारी मिश्र थर साधारण 1 ते 2 किलोमीटर उंच जातो, तर त्याच शेतावर पहाटे हवा जमिनीपासून शंभर-दोनशे मीटरच्या आतच कोंडलेली असते.

किनाऱ्यावर हे चित्र निराळे असते. समुद्राच्या पाण्याचे तापमान दिवसरात्रीत फारसे बदलत नाही, म्हणून जमीन तापल्यावर दुपारच्या सुमारास खारा वारा सुटतो आणि गार, दमट हवा आत आणतो. ती पोहोचली की मिश्र थराची वाढ खुंटते व तो बहुधा 1 किलोमीटरच्या आतच राहतो. हीच हवा तापलेल्या जमिनीवरून सह्याद्रीकडे सरकताना खालून ढवळली जाते आणि थर पुन्हा उंच होत जातो. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या देवगडच्या सड्यावरील (कातळी पठारावरील) कलमांना लागू पडणारी वेळ सह्याद्रीकडच्या कणकवलीच्या बागेला तशीच लागू पडेल, असे समजू नये.

पठारावरील द्राक्ष, कांदा व भाजीपाला उत्पादकांनी अगदी पहाटे फवारणी करू नये. वारा पडलेला असतो म्हणून ही वेळ सुरक्षित वाटते, पण माझ्या मते हिवाळ्यातील सर्वांत मोठी चूक हीच आहे. झाकणाखालच्या स्थिर हवेत बारीक थेंब खाली बसत नाहीत; ते तरंगत राहतात आणि मंद झुळकेबरोबर, उताराच्या दिशेने, बांधापलीकडच्या पिकात जातात. उसातील तणासाठी फवारलेले 2,4-डी शेजारच्या द्राक्षबागेत किंवा कपाशीत उतरले, तर पाने वेडीवाकडी होतात आणि हंगामाचे नुकसान होते. शेजाऱ्याचे पीक आपल्या हातून जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येकाने घेतलीच पाहिजे. तणनाशकाच्या बाबतीत म्हणूनच वेळेचा हा नियम मोडू नये.

झाकण उघडले की नाही, हे ओळखायला उपकरण लागत नाही. चुलीचा किंवा बंबाचा धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरत असेल, लांबच्या देवळातला भोंगा नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू येत असेल, ओढ्याकाठी धुके साचले असेल, तर थांबावे. धूर वर चढून विरू लागला आणि पानांवरचे दव सुकले की काम सुरू करावे. हिवाळ्यात याला बहुधा नऊ-दहा वाजतात. दव सुकवणारे आणि झाकण फोडणारे ऊन एकच असल्याने या दोन गोष्टी साधारण बरोबरच घडतात. ओल्या पानावरचे द्रावण ओघळून जाते, हा तोटाही त्यामुळे टळतो. सायंकाळची फवारणी सूर्यास्तापूर्वी किमान एक तास आधी संपवावी.

कडाक्याच्या थंडीत मात्र हेच झाकण उपयोगी पडते. निफाड परिसरात पारा 5 अंशांच्या जवळ आला की बागायतदार शेकोट्या करतात. एक मोठी आग पेटवल्यास तिची उष्णता झाकण भेदून वर निघून जाते. त्याऐवजी बागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या कराव्यात, म्हणजे ऊब वेलींच्या उंचीवर टिकते. रात्री उशिरा पाणी द्यावे. गार हवा पाण्यासारखी उतारावरून खळग्यात साचते, म्हणून सखल भागातील ओळींकडे आधी लक्ष द्यावे.

कोकणात आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे ही कीड व भुरी हा रोग यांसाठी फवारणी करायची असल्यास दव सुकल्यापासून खारा वारा सुटेपर्यंतचे दोन-तीन तास उत्तम असतात. पूर्ण फुलोऱ्यात परागीभवन करणाऱ्या माश्यांना इजा होऊ नये म्हणून फवारणी टाळावी. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात दऱ्याखोऱ्यांतील हवा थंड राहते. दापोली समुद्रापासून फार दूर नसूनही तिथली थंडी म्हणूनच जाणवण्याइतकी असते. पूर्वेचे कोरडे वारे जोरात असतील त्या दिवशी खारा वारा उशिरा येतो, तापमान चढते आणि लहान फळांची गळ वाढू शकते. अशा दिवशी दुपारची फवारणी पुढे ढकलावी आणि शक्य असल्यास कलमांच्या आळ्यात गवताचे आच्छादन करावे.

दर मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत पुढील पाच दिवसांचा वारा, आर्द्रता, ढग व किमान तापमान दिलेले असते, मिश्र थराची उंची नसते. निरभ्र आकाश, मंद वारा आणि घसरते किमान तापमान एकत्र दिसले, तर दुसऱ्या दिवशी झाकण उशिरा उघडेल असे धरून मजूर व ब्लोअर (फवारणी यंत्र) दहानंतरच बोलवावेत.